स्टेंट दोन, प्रश्न नऊ

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हृदयरोग क्लिनिकचा हा अनुभव. खाली तक्रारीही आहेत, म्हणून नाव टाकत नाही. पाचपैकी चार तारे.

मी 53 वर्षांचा, उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या जानेवारीत अटॅकनंतर दुसऱ्या एका दवाखान्यात दोन स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, बसले. तिथलं काम चोख होतं. पण घरी सोडताना फाईल हातात दिली आणि म्हणाले, 'टेन्शन घ्यायचं नाही.' आता टेन्शन मी घेतच नव्हतो. कशातच काही घेत नव्हतो, अडचण तीच होती. मशीन चालू करून तासभर नुसता बघत बसायचो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाणं सुटलं. पाटाकडील-शिवाजी फुटबॉल मॅचची तिकिटं घेऊन पोरगा दारात उभा, आणि मी म्हटलं, 'तू जा.' पेठेतला माणूस असं बोलला तर काय समजायचं, ते कोल्हापूरकराला सांगायला नको. घरच्यांना वाटलं अशक्तपणा असेल. रात्रीच्या गोळ्याही आठवड्यातनं दोन-तीनदा राहायच्या. विसरायचो असं नाही, पाकीट फोडायचाच कंटाळा.

शेवटी बायकोनं या क्लिनिकला आणलं. बीपी, ईसीजी झाल्यावर सिस्टरनी एक कागद पुढं केला. मराठीत नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, झोप नीट नाही, थकवा आहे, भूक नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, हे किती दिवस झालं? प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. मला हसूच आलं, छातीचं दाखवायला आलोय आणि हे काय घटक चाचणी घेतायत! 27 पैकी 14 पडले. इथं जास्त मार्क वाईट, आणि दहाच्या पुढं गेलं की डॉक्टर बसवून बोलतात.

डॉक्टरांनी घड्याळ न बघता वीस मिनिटं दिली. म्हणाले, अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं डिप्रेशन येतं, आणि ते हृदयाला परत त्रास देतं. शरीर कायम ताणात राहतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी लवकर चिकटतात, वर माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो. मी मनात म्हटलं, मशीनवर जॉब नाही आणि मोटर रात्रंदिवस फुल स्पीडला. बेअरिंग जाणारच की. अटॅकनंतरच्या डिप्रेशनला धोक्याच्या कारणांत धरा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी 2014 मध्येच सुचवलंय म्हणे. मला मात्र तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

डिप्रेशनवरची सर्ट्रालिनची गोळी सुरू झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा हिरड्यांतनं रक्त आलं किंवा शौच काळी झाली तर लगेच कळवा, हे त्यांनी दोनदा बजावलं. फरक पडायला काही आठवडे लागतील हेही आधीच सांगितलं, ते बरं झालं. नाहीतर आठव्या दिवशी मी गोळी बंद केली असती.

समुपदेशन करणाऱ्या मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या. मला वाटलं, ही काय सांगणार? पहिलं काम दिलं ते असं: इच्छा असो-नसो, रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं आणि वहीत टिक करायची. दूध प्यायलाच पाहिजे असं नाही. चार दिवस खांबासारखा उभा राहिलो. पाचव्या दिवशी म्हशीच्या भावावरनं एकाशी वाद घातला. वहीत तेच लिहिलं, मॅडम लई खूश. आता रंकाळ्याला रोज अर्धा तास चालतो. दोन महिन्यांनी तोच कागद भरला, सहा मार्क.

तारा कापला तो यासाठी. नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दलचा आहे आणि सिस्टरनी तो वेटिंगमध्ये सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला. शेजारी आमच्या गल्लीतलेच एकजण बसलेले. कोण खरं सांगेल? मी बोललो, तेव्हापासून कागद-पेन देऊन आतल्या खोलीत बसवतात. पण त्या खोलीची भिंत प्लायवूडची, आतलं बाहेर ऐकू येतं. पार्किंगचं तर नावच काढू नका.

समुपदेशनाचे सहाशे रुपये वेगळे. मॅडम मंगळवार-शुक्रवारच असतात, साडेदहाच्या आत नंबर लावा. गाडी घरी ठेवून रिक्षानं या.