कॉन्फरन्स नसलेल्यांनी हे पॅकेज घेऊ नये : पाचपैकी दोन स्टार

लेक यूकॉनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाच्या, मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. ती टीव्हीवर दिसावी, एवढ्याच हौसेपायी २०२४ च्या सीझनला स्ट्रीमिंग पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही. जाहिरातीत ‘सगळं कॉलेज फुटबॉल’ (अमेरिकन फुटबॉल) होतं. पहिल्याच होम मॅचला कळलं, यात सीबीएस स्पोर्ट्स नेटवर्क हे चॅनल नाही, आणि आमच्या घरच्या बहुतेक मॅचेस तिथेच.

चॅटवर तक्रार केली. पलीकडून प्रश्न: “तुमची कॉन्फरन्स कोणती?” (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेज संघांचा गट; टीव्हीचे करार सहसा तोच करतो.) म्हटलं, कॉन्फरन्सच नाही हो! मग बराच वेळ नुसती तीन टिंबं नाचत राहिली.

त्या बिचाऱ्याचा दोष नाही. हा सगळा संसारच टीव्ही करारांवर उभा आहे. यूएससी, यूसीएलए ही विद्यापीठं थेट कॅलिफोर्नियातून बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेली आणि त्यांच्या जुन्या पॅक-ट्वेल्व्हमध्ये २०२४ ला उरले दोन संघ. यूकॉनने बास्केटबॉलसाठी बिग ईस्ट कॉन्फरन्सचं माहेर पुन्हा गाठलं, पण तिथे फुटबॉल खेळतच नाहीत. म्हणून २०२० पासून फुटबॉलची चूल वेगळी. बाहेरच्या मॅचचे हक्क यजमानाच्या कॉन्फरन्सचे. त्या वर्षी मेरिलँड, ड्यूक, यूएबी या विद्यापीठांकडे जाऊन खेळायचं म्हणजे तीन घरचे तीन करार. रिमोट नवऱ्याकडे देऊन मी पोळ्या लाटायला गेले.

नोत्र दाम विद्यापीठवाल्यांना हे पॅकेज चालेल. ते स्वतंत्र आहेत, पण अंगणात स्वतःची विहीर असल्यासारखे: १९९१ पासून एनबीसी चॅनल, करार २०२९ पर्यंत. आम्ही नळावरच्या रांगेतले. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सशी आमची बोलणी झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये थांबली. २०२५ ला यूमास (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) मॅक कॉन्फरन्समध्ये गेल्यावर वरच्या डिव्हिजनमध्ये स्वतंत्र राहिले नोत्र दाम आणि आम्ही, हे दोघेच. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या. आम्ही जिंकायची कोणती? माझ्या मते यूकॉनला कधीतरी कुणाचं तरी दार ठोठावावंच लागेल. तरी त्या वर्षी पोरांनी नऊ मॅचेस जिंकल्या, फेनवे बोल या सीझनअखेरच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाला २७-१४ हरवलं. ती मॅच मात्र या पॅकेजवर स्वच्छ दिसली. एक स्टार त्याचा.

दुसरा स्टार रद्द करणं सोपं होतं म्हणून. आता गोधडी घेऊन सरळ ईस्ट हार्टफर्डच्या आमच्या होम स्टेडियममध्ये बसतो. टीव्हीवर हाफटाइमला बँड दाखवतच नाहीत, सूटवाले गप्पा मारत बसतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!