पेनड्राइव्हवरचे रंग पाहून घेतलेला ‘फोर-के एचडीआर’ टीव्ही

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी सांगलीतील एका मंगल कार्यालयात भरलेल्या ‘फॅक्टरी सेल’मधून मी ५५ इंची स्मार्ट टीव्ही विकत घेतला आणि त्यात पूर्णपणे फसवली गेले. असे सेल दर सणाला गावोगावी भरतात आणि तेथे सांगितली जाणारी वाक्येही बहुधा ठरलेली असतात. म्हणून घडले ते सगळे तपशिलासह लिहीत आहे.

टीव्ही हवा होता तो बाबांसाठी. ते वनखात्यातून निवृत्त झाले असून त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे चांदोलीच्या जंगलात गेली. आता गुडघ्यांमुळे त्यांना घराचा जिनाही उतरवत नाही, त्यामुळे जंगलावरचे माहितीपट हाच त्यांचा विरंगुळा आहे. आमच्या जुन्या टीव्हीवर झाडाखालची सावली काळीकुट्ट आणि वरचे आभाळ पांढरेफटक दिसे. सावलीत बसलेले जनावर दिसतच नाही, अशी त्यांची नेहमीची तक्रार होती. एचडीआर हे तंत्र नेमके याच अडचणीसाठी आहे. नेहमीच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर एचडीआर १० या प्रकारात त्या १०२४ असतात. शिवाय पडद्यावरचा प्रत्येक ठिपका किती उजळ असावा हेही चित्रासोबतच कळवलेले असते, त्यामुळे एकाच दृश्यातील ऊन आणि सावली दोन्ही उलगडून दिसू शकतात. एवढे वाचून मी गेले होते, आणि एवढे पुरेल असे मला वाटले होते.

सेलमध्ये दहा-बारा टीव्ही ओळीने लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू होती. पोपट, फळे, समुद्राखालचे मासे असे सगळे रंग डोळ्यांत भरत होते. विक्रेता म्हणाला, “ताई, माल मोठ्या कंपनीचाच आहे, फक्त नाव वेगळं. फोर-के, एचडीआर टेन, ओरिजिनल अँड्रॉइड, सगळं आहे यात.” खोक्यावर तसे छापलेलेही होते. नेटफ्लिक्स लावून दाखवा, असे मी म्हटले तेव्हा हॉलमध्ये नेट नाही, घरी गेल्यावर आपोआप चालू होईल, असे उत्तर मिळाले. चित्रफीत टीव्हीच्या मागे खोचलेल्या पेनड्राइव्हवरून चालली होती. मी तेथेच थांबायला हवे होते. पेनड्राइव्हवरची फाइल थेट चालते; तिला ना परवाना लागतो, ना इंटरनेट, ना कोणाचे प्रमाणपत्र. ती चांगली दिसली यावरून स्ट्रीमिंगवरचे चित्र कसे दिसेल याविषयी काहीही सिद्ध होत नाही.

छापील किंमत ४२,००० रुपये होती, मला तो २७,५०० रुपयांना दिला. पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा भरावा लागेल, असे सांगून त्याने हाताने लिहिलेली पावती दिली. पैसे मी यूपीआयने दिले. खात्यावर दुकानाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते, याकडे मी घाईत दुर्लक्ष केले.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी शंका आली. एचडीआर फक्त सर्वात वरच्या योजनेत मिळते म्हणून मी नेटफ्लिक्सची महिना ६४९ रुपयांची योजना घेतली होती. टीव्हीवर जे ॲप होते ते मोबाइलचे होते. रिमोट हलवला की पडद्यावर माउससारखा बाण फिरे. चित्र इतके पुसट होते की बाबांनी दोनदा चष्मा पुसला. मी फोन केला तेव्हा नेट कमी पडत असेल, असे विक्रेत्याने सांगितले. आमचे ४० एमबीपीएसचे ब्रॉडबँड होते, आणि नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरतात. तरीही मी १५० एमबीपीएसची योजना घेऊन सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. चित्रात काडीचाही फरक पडला नाही. मग त्याने ‘एचडीआर केबल’ घ्यायला सांगितली आणि सोनेरी टोकांची एक एचडीएमआय केबल १,९०० रुपयांना घरपोच पाठवली.

या केबलबद्दल मला मुद्दाम सांगायचे आहे. ॲप टीव्हीच्या आतच चालत असेल, तर चित्र वायफायने आत येते आणि आतूनच पडद्यावर जाते. त्या वाटेत एचडीएमआय केबल कोठे येतच नाही. केबलचा संबंध येतो तो सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक (नेटफ्लिक्ससारखी ॲप चालवणारे छोटे उपकरण) बाहेरून जोडली तर. तेव्हाही १८ जीबीपीएस क्षमतेची साधी, प्रमाणित केबल पुरते आणि तिच्या टोकांवरील मुलाम्याने रंग वाढत नाहीत. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

शेवटी मिरजेचे एक टीव्ही मेकॅनिक काका घरी आले. त्यांनी टीव्ही उघडण्याआधीच तासाभरात खरे काय ते दाखवून दिले. प्रथम यूट्यूबवर एचडीआर चित्रफीत लावून त्यांनी ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ ही तपशिलाची चौकट उघडली. तेथे रंगाच्या ओळीत एसएमपीटीई २०८४ आणि बीटी २०२० अशी अक्षरे रोमन लिपीत दिसली तर एचडीआर १० चालू आहे असे समजायचे. आमच्याकडे बीटी ७०९ दिसत होते, म्हणजे साधे चित्र. मग त्यांनी डीआरएमची, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची, माहिती दाखवणारे एक ॲप चालवले. त्यात वाइडवाइन या गूगलच्या संरक्षण-व्यवस्थेची पातळी एल ३ अशी आली. काकांनी समजावले की चित्रपट चोरला जाऊ नये म्हणून या कंपन्या चित्र कुलूपबंद करून पाठवतात. टीव्हीच्या चिपमधील सुरक्षित भागात ते कुलूप उघडण्याची सोय असेल तर ती पातळी एल १, आणि केवळ सॉफ्टवेअरने उघडावे लागत असेल तर एल ३. एल ३ असलेल्या यंत्राला नेटफ्लिक्स जुन्या डीव्हीडीच्या तोडीचे एसडी चित्रच देते, मग योजना कितीही महाग असो आणि नेट कितीही वेगवान असो. माझ्या टीव्हीत गूगलने प्रमाणित केलेली अँड्रॉइड टीव्ही प्रणाली नव्हतीच. कोणालाही फुकट वापरता येणारी मूळ अँड्रॉइड घेऊन तिच्यावर टीव्हीसारखा मुखवटा चढवलेला होता.

मला तरीही आशा होती की पडदा तरी चांगला असेल आणि बाहेरून प्रमाणित स्टिक जोडली की काम भागेल. काकांनी स्वतःची फोर-के स्टिक लावली. टीव्ही अशा स्टिकला आपली क्षमता स्वतःच कळवतो. स्टिकच्या सेटिंगमध्ये या टीव्हीसमोर १०८० (म्हणजे फुल एचडी, फोर-केच्या एक चतुर्थांश ठिपके) एवढेच लिहिले होते आणि एचडीआर उपलब्ध नाही असे स्पष्ट दिसत होते. मागचे झाकण काढून पॅनेलवरील क्रमांक शोधला तेव्हा तो फुल एचडीचाच निघाला. खोक्यावरचे ‘फोर-के’ही खोटे होते. मंगल कार्यालयातील ते झगमगते रंग म्हणजे टीव्हीचा रंग भडक करणारा ‘विव्हिड’ मोड आणि आधीच भडक केलेली साधी चित्रफीत, एवढेच होते. खऱ्या एचडीआरची फाइल अशा पडद्यावर लावली असती तर उलट फिकट आणि राखाडी दिसली असती. ती त्याने लावली नाही, यातच सगळे आले.

टीव्हीच्या मागे बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक होता. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला तेव्हा दुसऱ्याच उत्पादकाच्या चार्जरची नोंद समोर आली. ही तपासणी मोबाइलवर दोन मिनिटांत आणि फुकट होते, आणि ती मी पैसे देण्याआधी केली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

सगळाच दोष अनोळखी नावांचा असतो असेही नाही. नामांकित टीव्हींवरही ‘एचडीआर’ छापलेले असते. ते खोटे नसते, पण पुष्कळदा त्याचा अर्थ टीव्हीला एचडीआर संकेत स्वीकारता येतो एवढाच असतो. यूएचडी अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये उच्च दर्जाच्या एलसीडी टीव्हीसाठी १,००० निट्स (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) उजेडाची अट ठेवली होती, तर स्वस्त पडदे २५०-३०० निट्सच्या पुढे जात नाहीत. तेथे ऊन आणि सावलीचा फरक फारसा जाणवत नाही. म्हणून निट्सचा आकडा विचारावा, आणि दुकानदार तो सांगत नसेल तर शेजारी दुसरा टीव्ही ठेवून तेच दृश्य पाहावे.

दिवाळीनंतर आम्ही दुसरा टीव्ही घेतला. या वेळी मी दुकानात माझ्या मोबाइलचे हॉटस्पॉट जोडले, माझे स्वतःचे खाते उघडले आणि एसएमपीटीई २०८४ ही अक्षरे पडद्यावर पाहिल्यावरच पैसे दिले, तेही पक्के बिल घेऊन. दुकानदाराने काही हरकत घेतली नाही. त्या रात्री बाबांनी झाडाखाली बसलेला गवा माझ्याआधी ओळखला.

पहिल्या टीव्हीचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत. सेल चार दिवसांत उठून गेला आणि पावतीवरचा फोन आता लागत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कागद जमवत आहे. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. हातात आहे ती यूपीआयची नोंद, हाताने लिहिलेली पावती, खोक्यावरील छापील दाव्यांची आणि मागच्या स्टिकरची छायाचित्रे, आणि काकांनी सही करून दिलेला तपासणीचा कागद. टीव्ही खोक्यासह माळ्यावर ठेवला आहे. आयोगाने मागितला तर तो आहे तसाच न्यायचा आहे. सांगली, मिरज किंवा कोल्हापूर भागातील अशा सेलमधून कोणी टीव्ही घेतला असेल, तर त्यांनी खोके फेकू नये आणि मागचा स्टिकर काढू नये.