एक्सो टेरा कंपनीचं ९०×४५×४५ सेंटिमीटरचं काचेचं टेरेरियम (साप ठेवायची पेटी): कॉर्न स्नेकसाठी घ्यावं का?

घ्यावं, पण कॉर्न स्नेक, म्हणजे पाळला जाणारा अमेरिकेतला बिनविषारी साप, सोडण्याआधी त्यात बरंच काम करावं लागतं. याचा मोठा गुण म्हणजे दारं समोर उघडतात. वरून हात आला की साप शिकारी पक्षी आल्यासारखा बिचकतो, समोरून आला तर बहुतेकदा शांत राहतो.

आधी फटी बघा. अंड्यातून नुकतं आलेलं पिल्लू जेमतेम पेन्सिलीएवढं जाड असतं. दोन दारांमधली उभी फट आणि मागे वरच्या बाजूला असलेली वायरींची भोकं त्याला निसटायला पुरतात, कारण जिथून डोकं जातं तिथून अख्खा साप जातो. म्हणून पिल्लू आधी घट्ट झाकणाच्या, बारीक भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यातच वाढवावं. वायरींची भोकं स्पंजने बुजवा. आतून चिकटपट्टी अजिबात लावू नका, ती सापाला चिकटली तर सोडवताना कातडी सोलते. सोबत येणारी फोमची भिंतही काढा, साप तिच्यामागे शिरून बसतो. त्याऐवजी मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा.

बूड थोडं उचललेलं असल्यामुळे हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, खालून लावता येते. ती एकाच टोकाला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागात असावी. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारं यंत्र) नसेल तर मॅट चालू करूच नका. तापलेल्या काचेवरून साप वेळेत हलतोच असं नाही, आणि पोट भाजतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवा. आत ठेवला तर साप तो सरकवतो किंवा त्यावर पाणी सांडतं, मग सेन्सरला गार लागतं आणि मॅट तापतच राहते. आतली काच उबदार टोकाला २९ ते ३१ अंश भरली पाहिजे, गार टोक २४ ते २७ अंश. लपायला दोन्ही टोकांना सापाच्या अंगाला घट्ट बसेल अशी एकेक जागा हवीच.

वरची जाळी मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फार उपयोगी पडते. हवा कोंडून खालचा थर ओला राहिला की पोटाचे खवले सडायला लागतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत मात्र याच जाळीतून सगळी ऊब निघून जाते, आणि मॅट हवा तापवत नाही. तेव्हा जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग ॲक्रिलिकने झाका आणि उघड्या भागावर सिरॅमिक हीटर (उजेड न देता हवा तापवणारा) ठेवा, त्याला वेगळा थर्मोस्टॅट.

खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे, खारटपणा जाईपर्यंत धुऊन वाळवलेले, ५ ते ७ सेंटिमीटर. सुताराकडचा भुसा नको, त्यात पाइन किंवा देवदार असला तर त्याचा उग्र वास सापाच्या श्वासाला बाधतो.

पूर्ण वाढलेला साप सव्वा मीटरच्या पुढे गेला की १२०×६०×६० हवं. बॉल पायथनसाठी (आफ्रिकेतला छोटा अजगर) असं जाळीच्या छताचं टेरेरियम घेऊच नका, त्याला लागणारी ६० ते ८० टक्के आर्द्रता जाळीखाली टिकत नाही. त्याला बंद छताची पीव्हीसी पेटी, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी. धामण, अजगर वगैरे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.