पिओरिया की ब्लूमिंग्टन-नॉर्मल: घर कुठे घ्यावं?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मध्यभागी, आय-७४ महामार्गावर एकमेकांपासून तासाभराच्या आतली ही दोन गावं: पिओरिया, आणि ब्लूमिंग्टन-नॉर्मल हे जोडगाव. नोकरी एकीकडे आणि घर दुसरीकडे, असंही करता येतं. फक्त जानेवारीत बर्फातून रोज गाडी हाकायची तयारी हवी.

नुसती किंमत बघायची तर पिओरिया. ऐसपैस तळघर असलेलं जुनं घर तिथे ज्या पैशांत मिळतं, त्यात शिकागोच्या उपनगरात जेमतेम टाउनहाऊस येईल. पण ही स्वस्ताई उगाच नाही. १९७० साली सुमारे १ लाख २७ हजार लोकवस्तीचं गाव २०२० मध्ये १ लाख १३ हजारांवर आलं. बुलडोझरसारखी अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीने २०१७ मध्ये इथलं मुख्यालय शिकागोजवळ न्यायचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये थेट टेक्सास गाठायचं ठरवलं. कारखाने आणि इंजिनिअरिंगचं काम बरंचसं इथेच आहे, शिवाय ओएसएफ हे मोठं हॉस्पिटल-जाळं आहे. म्हणजे रोजगार आहे, पण घराचा भाव चढेल या भरवशावर घेऊ नका. मुलं शाळेत असतील तर उत्तरेकडचा डनलॅप भाग बघा. तिथे मात्र स्वस्ताई आटते.

ब्लूमिंग्टनला स्टेट फार्म ही विमा कंपनी, नॉर्मलला विद्यापीठ आणि मित्सुबिशीच्या बंद पडलेल्या कारखान्यात उभी राहिलेली रिव्हियन ही विजेवरच्या गाड्यांची कंपनी. तिथे २०२१ पासून गाड्या बनू लागल्या आणि घरं मिळेनाशी झाली. नॉर्मलहून शिकागोला अ‍ॅमट्रॅकची रेल्वे जाते, पिओरियाला प्रवासी रेल्वेच नाही. एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असाल तर माझं मत इकडे: नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवसांची मुदत, आणि त्या घाईत घर विकावं लागलं तर गिऱ्हाईक इथे लवकर मिळेल. कॅटरपिलरमध्ये पाय रोवलेले आणि ग्रीन कार्ड हातात असेल, तर पिओरियाच घ्या.

प्रॉपर्टी टॅक्स दोन्हीकडे जबर. दोन लाख डॉलरच्या घरावर अडीच टक्के धरले तरी वर्षाला पाच हजार, म्हणजे महिन्याला चारशेच्या वर. आणि कर्ज फिटलं तरी हे संपत नाही. घर बघताना टॅक्सचं शेवटचं बिल मागाच, आणि त्यात आधीच्या मालकाला ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळालेली सूट नाही ना, तेही तपासा. ती तुमच्या नावावर येत नाही.