ऑनलाइन इतिहासाची पुस्तकं: नवी बिनधास्त घ्या, 'दुर्मिळ' दिसलं की फोटो मागा

नव्या पुस्तकांचं आधी उरकतो, तिथे तक्रारीला जागाच नाही. बुकगंगावरनं मेहेंदळ्यांच्या 'श्री राजा शिवछत्रपती'चे दोन्ही जाडजूड ग्रंथ मागवले, ऐरोलीला आठवड्याच्या आत घरपोच, कोपरेसुद्धा शाबूत. सरदेसायांची 'मराठी रियासत' पॉप्युलर प्रकाशनाने आठ खंडांत काढलीय, ती मात्र सुटी सुटी घेत बसू नका, मधलाच एखादा खंड नेमका आऊट ऑफ स्टॉक होतो आणि मग बसा शोधत.

खरा मनस्ताप सेकंडहॅण्डमध्ये आहे. एका मोठ्या साइटवरच्या सेलरकडे ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) दिसलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, खाली ठळक अक्षरात 'दुर्मिळ, १८८२'. किंमतही तशीच दणदणीत, म्हटलं असेल बाबा. बॉक्स उघडला तर पांढरीशुभ्र पानं, चकचकीत पुठ्ठा! म्हणजे ऑर्डर आली की स्कॅनवरनं छापून पाठवायचं, तो प्रकार. नकाशाची घडी न उलगडताच स्कॅन केलेला, त्यामुळे अर्धा जिल्हा गायब, आणि एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचं बोटच छापलंय. परत करायला गेलो तर उत्तर काय, पुस्तक वर्णनाप्रमाणेच आहे. आता असं छापणं बेकायदा नाही, आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, पण मग 'रिप्रिंट' लिहा ना सरळ. तेच स्कॅन इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट पडलंय.

याउलट ठाण्यातले एक काका फेसबुकवर जुनी पुस्तकं विकतात त्यांचा अनुभव एकदम झकास. पेशवे दफ्तराचा, म्हणजे पेशव्यांच्या काळच्या निवडक कागदपत्रांच्या छापील मालिकेचा, एक भाग हवा होता (सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये ४५ भाग काढले, मोडीतली पत्रं देवनागरीत छापलेली, आपल्यासारख्या मोडी न येणाऱ्यांना सोन्याची खाण). मी काही विचारायच्या आधीच व्हॉट्सॅपवर फोटो हजर: मुखपृष्ठ, आतलं प्रकाशनाचं पान, कणा, कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का. खाली मेसेज, "साहेब बांधणी सैल आहे, शेवटची पानं कसरीने खाल्लीत, अक्षर गेलेलं नाही, चालेल तर बघा." घासाघीस केली तर थोडे कमीपण केले. कुरियरचा प्रश्नच नाही, नौपाड्यात भेटून हातात घेतलं, तिथेच उभ्या उभ्या पानं मोजली, काका शांतपणे थांबले. डांबरगोळ्यांचा वास अजून जात नाहीये ते सोडा.

पावसाळ्यात जुनं पुस्तक कुरियरने शक्यतो मागवू नका. आणि आलं की लगेच कपाटात कोंबू नका, वेगळं ठेवून नीट बघा, नाहीतर त्याची कसर तुमच्या बाकीच्या पुस्तकांना. कडक उन्हात पण नको, जुना कागद आधीच कुरकुरीत असतो.

बाकी नुसतं वाचायचंच असेल तर आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करा, १८९३ पासूनची संस्था आहे. मला पेशवे दफ्तरातला वसईच्या मोहिमेचा भाग अजून हवाय, कोणी विकत असेल तर सांगा, फाटका चालेल, फक्त आतल्या पानाचा फोटो आधी टाका.