शिडाच्या बोटीवर हायब्रिड मोटर : दुसरा हंगाम संपताना, एका वायरीबद्दल

जानेवारीतल्या एका दुपारी, जयगडच्या थोडं उत्तरेला, आमच्या बोटीचा मोटर कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारं यंत्र) गेला. वायव्येचा खारा वारा वीस नॉटांपर्यंत चढला होता आणि बोट दक्षिणेकडे साडेसहा नॉटांनी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पळत होती. पाण्याच्या जोरावर बोटीखालचा पंखा फिरून बॅटरीत वीज भरत होता. आभाळ निरभ्र, त्यामुळे सोलरही पूर्ण जोरात. बॅटरी शंभर टक्क्यांना टेकली. दोनपैकी एका बॅटरीतला एक सेल ३.६५ व्होल्टला पोचला आणि तिच्या बीएमएसने (बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटने) आपलं काम चोख केलं, म्हणजे बॅटरीची जोडणी तोडली. सगळा भार दुसरीवर आला, तीही लगेच तुटली. मोटर मात्र वीज बनवतच होती. त्या विजेला जायला जागाच उरली नाही. व्होल्टेज साठच्या वर उडालं, आधी ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर गेला आणि पाठोपाठ कंट्रोलर.

एका क्षणात ऑटोपायलट, नकाशा दाखवणारा प्लॉटर, व्हीएचएफ रेडिओ, खोली दाखवणारं यंत्र, सगळं बंद. कारण बसवणाऱ्यांनी त्यांच्या आराखड्यात घरगुती वापराची जुनी १२ व्होल्टची बॅटरी काढून टाकली होती. "कन्व्हर्टर आहे ना, उगाच वजन कशाला," असं त्यांचं म्हणणं. डिझेलची स्टार्टिंग बॅटरी वेगळी होती म्हणून इंजिन चालू झालं आणि आम्ही शिडं उतरवून जयगडच्या खाडीत आलो. बोटीवर नुसती इलेक्ट्रिक मोटर असती तर संध्याकाळच्या वाऱ्यात, जाळी चुकवत, शिडांवर आत यावं लागलं असतं. येता आलं असतं, पण सोबत घरचे असताना तो प्रसंग मला नको होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बोट जुनी, फायबरची, ३४ फुटी, सहा टनांच्या आसपास. आमचं समांतर हायब्रिड आहे: डिझेल इंजिन जागच्या जागी, आणि त्याच शाफ्टला दातेरी पट्ट्याने जोडलेली १० किलोवॉटची मोटर. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या दोन, म्हणजे सव्वादहा युनिट साठा. सोलर ६०० वॉट. मुंबईत बोट गेटवेसमोरच्या मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या पक्क्या बोयाला बांधलेली असते, तिथे किनाऱ्याची वीज नाही. मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, आणि वाटेत जिथे जिथे आम्ही नांगर टाकतो तिथे कुठेही प्लग लावायची सोय नाही. युरोपातले लोक रात्री मरिनात बोट लावून चार्ज करतात, त्यांच्या अनुभवावरून इथला हिशोब मांडता येत नाही. इथे जे बोटीवर बनेल तेवढंच तुमचं.

आता ती वायर.

बॅटरीच्या बीएमएसला एक अलार्म आउटपुट आहे. सेल धोक्याच्या जवळ आला की तुटण्याआधी ते बदलतं. कंट्रोलरला एक इनपुट आहे, त्यावर सिग्नल आला की तो वीज बनवणं थांबवतो. दोन्ही टर्मिनल छापील आकृतीत आहेत, दोन्हींना नंबर आहेत. या दोघांमध्ये दोन पदरी वायर ओढायची, मध्ये एक छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच). जेमतेम तीन मीटर अंतर. ती वायर ओढलेलीच नव्हती. बॅटरी एका कंपनीची, मोटर दुसऱ्या कंपनीची, बसवणारे तिसरेच. प्रत्येकाने आपापलं यंत्र तपासून सही केली. मधल्या जागेची जबाबदारी कोणीच घेतली नाही.

मोटर विकणाऱ्या एजंटचं पहिलं उत्तर असं की बॅटरी भरलेली असताना रिजनरेशन (शिडावर चालताना पंख्याने वीज बनवणं) चालू ठेवणं हा चुकीचा वापर, म्हणून वॉरंटी लागू नाही. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत तसं एक वाक्य आहे खरं. पण हीच गोष्ट विकताना काय सांगितलं होतं? शीड लावा, बाकी सगळं आपोआप. भर वाऱ्यात सुकाणूवर बसलेल्या माणसाने दर पाच मिनिटांनी आत जाऊन टक्केवारी बघायची, ही अपेक्षा समुद्रावर टिकत नाही. मी त्यांना आकृतीची प्रत पाठवली, दोन्ही टर्मिनलांभोवती लाल गोल काढून. मग उत्तर आलं की कंट्रोलर परदेशी पाठवा, तपासून सांगू. जाण्यायेण्याचा खर्च माझा, येताना कस्टम ड्युटी माझी, आणि हंगाम चाललेला. आत सगळं रेझिन ओतून बंद केलेलं, त्यामुळे इथे कोणी उघडूही शकत नाही. कन्व्हर्टर मात्र लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने आतले दोन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बदलून चालू करून दिला, नव्याच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत. दुरुस्त होणारी वस्तू आणि न होणारी वस्तू यातला फरक किनाऱ्यापासून दूर फिरणाऱ्या माणसाला फार महत्त्वाचा असतो. खरेदीच्या वेळी वॉट आणि किलो बघितले जातात, हे बघितलं जात नाही.

नवा कंट्रोलर शेवटी पूर्ण पैसे भरून घेतला, तक्रार चालू ठेवून. वायर मीच ओढली. रिले, टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर, लग, हीटश्रिंक, सगळं मिळून चारशे रुपयांच्या आत. शिवाय चार्जिंगची मर्यादा ५५.२ व्होल्टवर आणली, म्हणजे सेलमागे ३.४५, एलएफपीत तेवढ्यावरही बॅटरी जवळजवळ भरतेच. आणि १२ व्होल्टची एक बॅटरी परत बसवली. आता कन्व्हर्टर गेला तरी व्हीएचएफ आणि दिवे चालतात.

हे सगळं झालं तरी यंत्रणा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उलट आता पुढचं लिहिणं भाग आहे.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यातला वारा कसा असतो ते इथे फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. पहाटे मतलई, दहा-अकराला तो मरतो, मग दोन-तीन तास समुद्र तेल ओतल्यासारखा, आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा. मधली ती पोकळी आणि खाड्यांतून आत-बाहेर करणं, मोटरचं खरं काम एवढंच. त्यासाठी ती इतकी योग्य आहे की डिझेल लावायला हात होत नाही. आमच्या बोटीला तीन नॉटांना सव्वा किलोवॉट लागतं, चारला अडीचच्या आत, पाचला पाचच्या आसपास, सहाला नऊ. वेग थोडा वाढवला की शक्तीची भूक घनाच्या प्रमाणात वाढते. डिझेलवर हे कळत नाही, कारण कोणी लिटर मोजत बसत नाही. समोर वॉटचा आकडा दिसायला लागला की माणूस आपोआप हात आखडता घेतो. पाच नॉटांनी आमची बॅटरी दीड तासात आठ मैल नेते. तीन नॉटांनी तीच बॅटरी सहा तास चालून अठरा मैलांच्या वर नेते. भरतीची वेळ साधून राजापुरी खाडीत शिरलं तर एक किलोवॉटच्या आत काम होतं. उधाणाला ओहोटीविरुद्ध मुंबई बंदरात यायचा हट्ट धरला तर तासाभरात बॅटरी अर्धी. भरती-ओहोटीचं कोष्टक मी इतक्या काळजीने पूर्वी कधी वाचलं नव्हतं.

रिजनरेशनबद्दल माझं मत मात्र पूर्ण बदललं आहे. पहिल्या हंगामात वाटलं होतं की शिडावर चालताना बनणारी वीज हाच या यंत्रणेचा आत्मा. प्रत्यक्षात पाच नॉटांना शंभर वॉटही मिळत नाहीत, सहाला दोनशे, सातला कुठे चारशेच्या जवळ, आणि त्यासाठी वेगातला पाव ते अर्धा नॉट द्यावा लागतो. ३४ फुटी बोट सात नॉटांवर कितीसा वेळ राहणार? दक्षिणेला जाताना दुपारचे तीन-चार तास. गोव्याहून मुंबईकडे वाऱ्याच्या तोंडावर येताना शून्य. जिमी कॉर्नेलसारख्या अनुभवी दर्यावर्दीने २०२० मध्ये मॅगेलनच्या मार्गाने, एक थेंबही इंधन न जाळता, इलेक्ट्रिक कॅटामरानवर पृथ्वीप्रदक्षिणा करायला घेतली होती. ती सोडून परत फिरताना एक मुख्य कारण हेच होतं: बनणारी वीज वापराला पुरेना. त्याची बोट आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान. दुसऱ्या बाजूला कॉनराड कोलमनने २०१६-१७ च्या वांदे ग्लोब शर्यतीत जीवाश्म इंधनाशिवाय एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली, पण ती साठ फुटी शर्यतीची बोट, दक्षिण महासागराचे वारे, आणि रोज नांगर टाकून कुकर लावायचा नाही. सहा टनांच्या फिरत्या घराला त्या गणितात बसवू नये.

आमचा साठा चालतो तो सोलरवर. जानेवारीत, डोलकाठी आणि बूमची सावली धरूनही, दिवसाला अडीच युनिट पडतात. फ्रीज, दिवे, उपकरणं आणि स्वयंपाक मिळून पावणेदोन. उरलेलं मोटरला. म्हणजे विजयदुर्गला दोन-तीन दिवस नांगरावर राहिलं की पुढच्या मुक्कामापुरती मोटर तयार. थांबायची तयारी असेल तर ही बोट स्वयंपूर्ण आहे. सोमवारी ऑफिस गाठायचं असेल तर डिझेल लावा. डिझेलवर जाताना हीच मोटर जनरेटर होते आणि तीन किलोवॉट बॅटरीत ढकलते. त्या वाढीव भाराने इंजिनही नीट तापून चालतं, ते हलक्या भारावर तासन्‌तास घरघरत ठेवण्यापेक्षा त्याच्या तब्येतीला चांगलं.

स्वयंपाक म्हटलं, तर ज्या आनंदाची मला कल्पनाच नव्हती तो इथे आहे. मोठा साठा हाताशी आल्यावर गॅसचा सिलिंडर आम्ही बोटीवरून कायमचा उतरवला. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी, जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. आता इंडक्शन आणि छोटा कुकर. वरणभाताला पाव युनिटच्या आसपास. मे महिन्यात बंद केबिनमध्ये उघड्या ज्योतीची धग नाही. बायकोला मोटर हायब्रिड आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही, पण सिलिंडर परत आणायचा विषय काढायचा नाही असं तिने बजावलं आहे.

त्रास देणारी दुसरी गोष्ट म्हणजे पंख्यावरची बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव). मुंबईच्या कोमट, गढूळ पाण्यात बोट पंधरा दिवस उभी राहिली तरी पंख्यावर खडबडीत थर येतो. मालवणला पाणी स्वच्छ, तिथे मी मास्क लावून उतरलो आणि पंखा खरवडला. आदल्या दिवशी चार नॉटांना सव्वातीन किलोवॉट लागत होते, खरवडल्यावर अडीचच्या आत आले. एका पत्र्याच्या तुकड्याने एक चतुर्थांश वीज वाचवली. डिझेलवर असताना ही चोरी वर्षानुवर्षं चालू होती आणि दिसत नव्हती. आता दर मुक्कामाला पंख्यावरून हात फिरवतो.

आवाज नसणं हे सुख आहे, पण हर्णैसमोर किंवा मिरकरवाड्याच्या तोंडाशी ते धोक्याचंही आहे. लहान होडीतला माणूस जाळं ओढताना पाठमोरा असतो आणि इंजिनाच्या आवाजावर विसंबून असतो. जयगडला एका नाखवाने जवळ येऊन विचारलंच, "आवाज नाय, मग चालतंय कशावर?" तेव्हापासून होड्यांजवळ मोटरवर जाताना हॉर्न हाताशी असतो. जाळं पंख्यात आलं तर मात्र मोटर डिझेलपेक्षा शहाणी: करंट एकदम चढतो, आकडा दिसतो, लगेच थांबता येतं.

पैशांचं स्पष्ट बोलतो. लहान सागरी डिझेल एका लिटरमधून शाफ्टवर तीन युनिटांच्या आसपास देतं. म्हणजे आमची पूर्ण भरलेली बॅटरी ही साडेतीन लिटर डिझेलच्या बरोबरीची. म्हणजे काहीशे रुपयांचं इंधन. त्या साठ्यावर, मोटरवर आणि बसवण्यावर गेलेला पैसा इंधन वाचवून माझ्या हयातीत वसूल होणार नाही. कोणी विक्रेता वसुलीचा तक्ता दाखवत असेल तर तो बाजूला ठेवा. रस्त्यावरच्या पंपावरून रिक्षात कॅन घालून डिझेल आणायचं आणि डिंगीतून बोटीपर्यंत न्यायचं, हे जवळपास थांबलं, आणि पहाटे खाडीतून बाहेर पडताना बोलणं ऐकू येतं. मला ते पैशांपेक्षा मोलाचं वाटतं. तुम्हाला वाटलं नाही तर साधं डिझेल आणि ४०० वॉट सोलर घ्या, काही बिघडत नाही.

घेणारच असाल तर कोटेशनसोबत वायरिंगची पूर्ण आकृती मागा आणि त्यात बीएमएसच्या अलार्मपासून कंट्रोलरपर्यंतची रेघ बोटाने शोधा. रेघ नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका. बसवून झाल्यावर, बोट पाण्यात असताना, बॅटरी भरत आणून तो सिग्नल खरोखर मोटर थांबवतो का हे बसवणाऱ्यासमोर करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

माझ्या तक्रारीवर एजंटने गेल्या आठवड्यात कंट्रोलरची अर्धी किंमत परत द्यायचं कबूल केलं, "सदिच्छा म्हणून". मी सदिच्छा हा शब्द खोडून "अपुरी जोडणी" असं लिहून पत्र परत पाठवलं आहे. बाकी अर्धी रक्कमही मागितली आहे, आणि त्यांनी इथे आधी बसवलेल्या प्रत्येक बोटीवर ती वायर स्वखर्चाने ओढून द्यावी असंही त्यात लिहिलं आहे. पावसाळ्यात बोटी वर काढतील तेव्हा ते काम सहज होईल.