क्रँक पुलीचं रबर गेलंय: कंपनीची घ्यायची, लोकल, रबर भरून, की फ्लुइडवाली?

गाडी जुनी झाली की एक दिवस मेकॅनिक बॉनेटमधून मान वर काढून म्हणतो, "क्रँक पुली गेलीय साहेब." आपण ऐकतो पुली. मग पुली म्हणजे काय, बेल्ट फिरवणारं लोखंडाचं चाक, त्यात एवढं काय बघायचं, मिळेल ती स्वस्तातली बसवा. सगळी गडबड या नावातच आहे. बेल्ट फिरवणं हे तिचं जोडकाम, खरं काम आहे क्रँकचा (पिस्टनच्या वरखाली हालचालीवर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) पीळ शोषून घेण्याचं, म्हणजे ती डॅम्पर आहे, आणि ती विकत घेताना आपण पैसे लोखंडाचे नाही तर मधल्या रबराचे देतो.

आत हब म्हणजे मधला गाभा असतो तो क्रँकला घट्ट बसलेला, त्याच्या भोवती रबराची रिंग आणि रबराच्या बाहेर जड लोखंडी रिंग. क्रँक आपल्याला दगडासारखा वाटतो पण प्रत्येक स्ट्रोकला कनेक्टिंग रॉडचा दणका बसला की तो थोडासा पिळतो आणि परत सरळ होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात २००० आरपीएमला असे सेकंदाला ६६-६७ दणके बसतात. आता झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं तर तो वर वर जातो ना, तसं एखाद्या ठराविक आरपीएमला दणक्यांचा ताल आणि क्रँकचा स्वतःचा ताल जुळतो आणि पीळ वाढत जातो, तिथं ती बाहेरची जड रिंग आपल्याच गतीनं फिरत राहते, मधलं रबर ताणलं जातं आणि ती सगळी ताकद रबरात गरम होऊन संपते. म्हणून रबर किती कडक आणि रिंग किती जड हे त्या त्या क्रँकसाठी ठरवलेलं असतं. हा पीळ सीटवर बसून कळत नाही हे आधी लक्षात घ्या, सिग्नलला उभं असताना डॅशबोर्ड थरथरतोय तर आधी माउंटिंग (इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसतं ते) बघा, नाहीतर डॅम्पर बदलाल आणि डॅशबोर्ड तसाच थरथरत राहील.

माझं बरोबर उलटं झालं. २०१० ची स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसीचं ते मल्टिजेट इंजिन, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेले, सकाळी सकाळी बेल्ट चींऽऽ करायचा. एका गॅरेजनं बेल्ट बदलला, मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला, मग माउंटिंग पण बदलली, चींऽऽ काही जाईना. शेवटी मीच मुलाचा व्हाइटनर घेऊन पुलीच्या तोंडावर हबपासून बाहेरच्या रिंगपर्यंत एक सरळ रेघ ओढली. तीन दिवसांनी चाक काढून, आतलं प्लॅस्टिक बाजूला करून टॉर्च मारला तर आतली अर्धी रेघ एका जागी आणि बाहेरची अर्धी दोन बोटं सरकलेली. म्हणजे रबर हबवरून सुटलेलं आणि रिंग मनाला येईल तशी फिरतीय. कडेनं रबराचे भाजल्या पापडासारखे फुगे आलेले ते वेगळेच. ही रेघेची युक्ती फुकट आहे, कुठलाही खर्च करायच्या आधी करून बघा. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या पेट्रोल गाड्यांत तर अजून एक घोळ होतो, टायमिंगच्या (ठिणगी कधी पडायची त्याच्या) खुणा बऱ्याचदा त्या बाहेरच्या रिंगवर असतात, रिंग सरकली की टायमिंग लाइट खोटं बोलतो आणि आपण बरोबर असलेलं टायमिंग बिघडवून ठेवतो.

आता काय काय घेता येतं ते सांगतो.

कंपनीची नवी किंवा कंपनीला माल देणाऱ्या मेकरची नवी, ही सरळ वाट. महाग आहे, पण तुमच्या क्रँकसाठी ठरवलेलं रबर हिच्यातच मिळतं. युरोपियन गाडी असेल तर कॉर्टेको, फेबी यांच्या येतात, त्या चालतात. पार्ट नंबर मात्र चॅसिस नंबरवरून काढा, "स्विफ्ट डिझेलची द्या" एवढ्यावर घेऊ नका, एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार पुली बदललेली असते.

लोकल कॉपी साधारण निम्म्या पैशात मिळते. मी पुण्याच्या नाना पेठेत दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवून बघितल्या, दिसायला जुळ्या बहिणी. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवल्या तर लोकलवाली पावशेर हलकी भरली, आणि ते पावशेर कुठून गेलं, तर बाहेरच्या रिंगमधून, म्हणजे जिच्या वजनावर सगळा खेळ आहे तिच्यातूनच. दुकानदार म्हणाला "हलकी तर चांगलीच की, पिकअप वाढतो". मी हसलो आणि जेन्युइनचे पैसे दिले. लोकल घेतली म्हणून उद्या क्रँक तुटेल असं नाही, चार सिलिंडरचा आखूड क्रँक बरंच सहन करतो, पण बेल्ट, टेन्शनर, ऑल्टरनेटरचं बेअरिंग हळूहळू त्याची किंमत चुकवतात. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर लोकल समजू शकतो (आणि मग घेणाऱ्याला सांगा, एवढं तरी करा).

कुर्ल्याहून किंवा कुठल्याही भंगारातून काढलेली नको. गिअरबॉक्स घ्या, हेडलाइट घ्या, दरवाजा घ्या, पण रबराची वस्तू सेकंडहँड घेण्यात अर्थ नाही, तुमच्या रबराचं जेवढं वय तेवढंच त्याचं, वर ऑइल पिलेलं असेल तर विचारूच नका.

रबर भरून घेणं म्हणजे जुनं रबर काढून हब आणि रिंगमध्ये नवीन व्हल्कनाइझ करणं, म्हणजे उष्णता देऊन पक्कं बसवणं. इथं मला दोन मनं आहेत. ज्या गाडीचा पार्ट बंद झालाय, जगात कुठंच मिळत नाही, तिच्यासाठी हाच मार्ग आहे, अमेरिकेत जुन्या क्लासिक गाड्यांचे डॅम्पर असेच भरून देणारे लोक व्यवस्थित धंदा करतात. पण ते रबराचा कडकपणा मोजून भरतात आणि रिंग मूळ जागेवर, खुणा जुळवून बसवतात. आपल्याकडं रोलर नाहीतर बुश भरणाऱ्याकडं नेलं तर तो अंगठ्यानं दाबून बघतो आणि म्हणतो "होऊन जाईल". काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा, रबर किती शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) भरणार? प्रश्नच कळला नाही तर पुली उचलून परत या.

मग येतो अपग्रेड. फ्लुइडवाला म्हणजे व्हिस्कस डॅम्पर, यात रबर नसतंच, बंद डब्यात एक जड रिंग मधापेक्षा कितीतरी घट्ट सिलिकॉन फ्लुइडमध्ये तरंगते. याचा फायदा असा की हा एकाच तालासाठी ट्यून केलेला नसतो, खालपासून वरपर्यंत सगळ्या आरपीएमला थोडंथोडं काम करतो. मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनांवर कंपनीच तो देते. न्यूयॉर्क राज्यातल्या स्प्रिंगव्हिलचा फ्लुइडॅम्पर त्यातलं मोठं नाव. दुसरीकडं बाल्टिमोरच्या एटीआयचा सुपर डॅम्पर, तो रबराचाच पण ओ-रिंगांचा, त्या कमीजास्त कडक घालून इंजिनाप्रमाणे ट्यून करता येतो आणि खराब झाल्या की बदलता येतात. हे कोणी घ्यावं, तर ज्यानं इंजिनाला हात लावलाय त्यानं. टर्बोचा बूस्ट वाढवला, मोठा रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) केला, हलका फ्लायव्हील टाकला, इंजिन कंपनीच्या रेडलाइनच्या पुढं फिरवतोय, तर क्रँकचा ताल तरी बदलतो नाहीतर दणके तरी वाढतात आणि मूळ रबराचा हिशोब चुकतो. लांब क्रँकची सरळ सहा सिलिंडरची इंजिनं असतील तर जास्तच, कारण क्रँक जितका लांब तितका पिळायला मोकळा. ऑफिसला जाणाऱ्या स्टॉक स्विफ्टला याची काही गरज नाही. आणि फ्लुइडवाल्याला हातोडी लावू नका, आत फट अगदी बारीक असते, डब्याला पोचा आला की रिंग अडकते, मग तो डॅम्पर नाही, नुसतं वजन.

अपग्रेड म्हणून विकतात ती अजून एक गोष्ट म्हणजे रंगीत अॅल्युमिनियमची सॉलिड पुली. ज्याच्या पुलीत मुळातच रबर नव्हतं अशा इंजिनाला लावा, हौस आहे. पण डॅम्पर काढून त्या जागी ही लावणं म्हणजे स्पीडब्रेकर खूप आहेत म्हणून शॉकअॅब्सॉर्बर काढून लोखंडी दांडा लावण्यासारखं आहे. पहिल्या महिन्यात इंजिन मोकळं वाटतं हे खरं, लोक त्यालाच भुलतात.

अमेरिकेत जुनी व्ही-एट (आठ सिलिंडरच्या इंजिनाची गाडी) घेऊन बसलेल्यांसाठी एक वेगळा मुद्दा. माझा मावसभाऊ डॅलसला असतो, त्याच्याकडं १९६८ ची मस्टँग आहे, ३०२ घनइंची इंजिनाची. त्यानं ऑनलाइन "३०२ चा डॅम्पर" मागवला, आला, लावला, आणि गाडी थरथरायला लागली, जुना बरा होता म्हणायची पाळी. कारण फोर्डच्या या इंजिनाचा बॅलन्स बाहेरून असतो, डॅम्पर आणि फ्लायव्हील दोन्हींवर मुद्दाम ठेवलेलं जड वजन असतं, आणि ते जुन्या इंजिनांना २८ औंस-इंच (या असमतोलाचं माप) तर ऐंशीच्या दशकापासूनच्या इंजिनांना ५० औंस-इंच. याला आला होता ५० वाला. खरं तर हातात घेतल्यावरच कळायला हवं होतं, जुन्याची पुली तीन बोल्टची आणि नव्याची चार बोल्टची, पण त्यानं भोकं जुळेनात म्हणून पुलीच बदलली! हा मराठी माणूस. दिसायला बसला म्हणजे बसला नव्हे, एवढं मी त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर दोन दिवस बोलला नाही.

बसवताना काय बघायचं. पुलर हबला लावायचा, बाहेरच्या रिंगला तीन पायांचा पुलर लावून ओढलं की जुन्याच काय नव्याचंही रबर फाटतं. प्रेसफिट (दाबून घट्ट बसवायचा) डॅम्पर असेल तर इन्स्टॉलर वापरा, हातोडीचा मार सरळ क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. पुढचं ऑइल सील त्याच वेळी बदला, सील स्वस्त आहे आणि गळकं सील नवीन रबराला ऑइल पाजत बसतं. अँगलनं (शेवटी ठराविक अंश फिरवून) टाइट करायचा क्रँक बोल्ट असेल तर तो नवाच घ्या. आणि फोर्डच्या ड्युराटेकसारख्या काही इंजिनांत क्रँकच्या गिअरला चावीच (गिअर क्रँकवर सरकू न देणारा लोखंडी तुकडा) नसते, सगळं त्या एका बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं, म्हणजे लॉकिंग टूल न लावता बोल्ट सैल केला की टायमिंग गेलं. मेकॅनिकला काम देण्याआधी विचारा टूल आहे का, "अंदाजानं करतो" म्हणाला तर गाडी तशीच चींऽऽ करत दुसऱ्या गॅरेजला न्या. फक्त लांब नेऊ नका, कारण रबर पूर्ण सुटलं तर बेल्ट उडतो, चार्जिंग बंद पडतं, आणि ज्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे तिथं टेम्परेचरचा काटा बघता बघता वर जातो.